मंडळाचे नाव म्हणजे जामिनाची सही

आपल्या भागात एखाद्या रुग्णालयाचा नवा विभाग किंवा नवी योजना सुरू होते तेव्हा तिचा गाजावाजा कसा होतो, हे आपण सर्वांनी अनेकदा पाहिले आहे. चौकात मोठा फलक लागतो. त्यावर आजाराच्या नावापेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे असतात. समई पेटते, फीत कापली जाते, शाल-श्रीफळ होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. आठ दिवसांनी फलक उतरतो. मग ज्याला त्या विभागाची खरोखर गरज आहे असा खानापूर तालुक्यातला एखादा शेतकरी खिडकीपुढे उभा राहून विचारतो, "कार्ड कुठलं लागतंय?" आणि त्याला उत्तर मिळते, "उद्या या."

उद्घाटनाला आमचा विरोध नाही. चांगली सोय लोकांना माहीतच नसेल तर ती असून नसल्यासारखीच. गावाजवळच्या रुग्णालयात डायलिसिसचे यंत्र मोकळे असावे आणि गावातल्या रुग्णाने मात्र दर आठवड्याला दोनदा मिरजेची गाडी पकडावी, असे होता कामा नये. तेव्हा प्रसिद्धी हवीच. ती कशाची आणि कोणासाठी, एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न आज मांडण्याचे कारण असे की, या प्रसिद्धीच्या कामात आता आपल्या मंडळांचा हात मागितला जाऊ लागला आहे.

आपल्याकडेच का येतात?

गेल्या काही वर्षांत सीमाभागातील मराठी मंडळांकडे, महिला मंडळांकडे, गणेशोत्सव मंडळांकडे रुग्णालयांच्या जनसंपर्क विभागांची पत्रे येतात. पत्राचा मजकूर साधारण ठरलेला असतो. अमुक आजाराचा नवा विभाग आम्ही सुरू करीत आहोत, त्यानिमित्त मोफत तपासणी शिबिर घ्यायचे आहे, तरी आपले सभागृह मिळावे, निमंत्रणपत्रिकेवर मंडळाचे नाव घालण्यास परवानगी द्यावी आणि सभासदांची दूरध्वनी क्रमांकांसह यादी द्यावी. स्मरणिकेला पानभर जाहिरात देऊ, असेही शेवटी लिहिलेले असते किंवा तोंडी सांगितलेले असते.

रुग्णालये आपल्याकडे का येतात, याचा आपण नीट विचार केलेला नाही. त्याचे एक कारण कायद्यात आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे भारतीय वैद्यक परिषदेचे विनियम २००२ सालचे आहेत. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले, पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते स्थगित ठेवून जुनेच पुन्हा लागू करण्यात आले. या विनियमांनुसार डॉक्टरने, डॉक्टरांच्या गटाने किंवा संस्थेने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करणे अनुचित मानले आहे. मात्र व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, व्यवसायाचे स्वरूप बदलले, फी जाहीर केली, असे साधे निवेदन करायला मुभा आहे. सांगणे चालते, ओढणे चालत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आता सांगणे कुठे संपते आणि ओढणे कुठे सुरू होते, ती रेषा पुसट आहे. मंडळाच्या सभागृहात, मंडळाच्या नावाने भरलेले शिबिर हे समाजकार्य दिसते. त्यामुळे जे रुग्णालयाने स्वतःच्या तोंडाने सांगणे बरे दिसत नाही, ते मंडळाच्या तोंडून वदवून घेता येते.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. आपली घराणी इथे चार-चार, पाच-पाच पिढ्या नांदत आहेत. शहापूर, अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, निपाणी, खानापूर, कुठेही जा. मंडळाचा अध्यक्ष कोणाचा तरी मामा असतो, चिटणीस कोणाच्या तरी शाळेतला सोबती असतो. मंडळाने सांगितले म्हटल्यावर आजी पिशवी घेऊन निघते, चौकशी करीत नाही. हा विश्वास पैशाने विकत मिळत नाही. रुग्णालयाला नेमका तोच हवा असतो.

आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. आमच्या टेबलावर रोज जामीनदार येतात. मित्राच्या कर्जाला जामीन राहायला आलेला माणूस अनेकदा कागद वाचत नाही. "नुसती सही तर करायची की," म्हणतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले आणि नोटीस घरी आली की मग त्या सहीचा अर्थ कळतो.

निमंत्रणपत्रिकेवर छापलेले मंडळाचे नाव ही अशीच जामिनाची सही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोर्टात त्याची वसुली होणार नाही, हे खरे. पण शिबिरातून पुढे गेलेल्या रुग्णाची फसगत झाली तर तो रुग्णालयाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला शोधत जात नाही. तो मंडळाच्या चिटणिसाला रस्त्यात गाठतो.

मोफत म्हणजे काय?

आमच्या ओळखीतल्या एका मावशींची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. मोतीबिंदूचे मोफत शिबिर झाले. डोळे तपासले, शस्त्रक्रिया मोफत म्हणून तारीख दिली. मावशी मुलाला रजा काढायला लावून गेल्या. तिथे कळले की शस्त्रक्रिया मोफत आहे, पण भिंगाचे पैसे वेगळे, औषधांचे वेगळे आणि आधीच्या रक्ततपासण्यांचे वेगळे. "मोफत म्हटलं होतं की हो!" एवढेच त्या म्हणाल्या. मोफत म्हटले होते, हे खरेच होते. काय मोफत नाही, ते कोणी सांगितले नव्हते. मावशी पैसे भरून आल्या, कारण परत फिरायची लाज वाटली. पण त्यांच्या गल्लीतल्या दुसऱ्या तीन बायका पुढच्या शिबिराला गेल्याच नाहीत. त्यांतल्या एखादीची दृष्टी त्यापायी गेली तर ते नुकसान कोणाच्या खाती मांडायचे?

अर्धवट माहिती अशी दोन्हीकडून मारते. जो जातो त्याचा खिसा रिकामा होतो आणि जो ऐकतो तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

सरकारी योजनांचीही तीच तऱ्हा आहे. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक या योजना एकत्र राबवल्या जातात. "पाच लाखांपर्यंत मोफत उपचार" हे वाक्य सर्वांना पाठ आहे. पण पाच लाखांचे संरक्षण दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला. इतरांना ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के रक्कम आणि तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, असा या योजनेचा आराखडा. शिवाय तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी रुग्णालयात जाऊन तिथून शिफारसपत्र घ्यायचे, मग खासगी रुग्णालयाकडे वळायचे, असा क्रम ठेवलेला. हा क्रम माहीत नसलेला माणूस थेट मोठ्या खासगी रुग्णालयात भरती होतो, आणि बिल हातात आल्यावर योजना आठवते. योजनेच्या उद्घाटनाच्या फलकावर पुढाऱ्याच्या चेहऱ्याऐवजी "आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र घ्या" एवढे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले असते, तर किती घरांचे दागिने वाचले असते?

गोव्याचे उदाहरणही आपल्याला जवळचे आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सिंधुदुर्गातून आणि आपल्याकडूनही रुग्ण वर्षानुवर्षे जात आले. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले. कोणत्या राज्याने आपल्या तिजोरीतून कोणावर खर्च करावा, हा त्या राज्याचा प्रश्न. पण असा बदल आपल्या गावच्या रुग्णाला बांबोळीच्या खिडकीवर पोहोचल्यावर कळावा की गाडीत बसण्यापूर्वी आपल्या गल्लीतल्या फळ्यावर कळावा, हा मात्र आपला प्रश्न आहे. ते काम कोणतेही सरकार करणार नाही. ते मंडळानेच करायचे आहे.

राजकारणात रुग्णाचे प्यादे

आता थोडे आपल्या घरचे बोलू. महाराष्ट्र शासनाने महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. सीमेलगतच्या जिल्ह्यांतली जास्तीची रुग्णालये योजनेत घ्यायचे ठरले. त्याच वर्षी योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णयही झाला. सीमाभागात आनंद झाला आणि तो होणे स्वाभाविक होते. महाराष्ट्र आपल्याला विसरलेला नाही, हे कागदावर दिसले. कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याला कडाडून विरोध केला. दोन्हीकडून निवेदने झाली, पुतळे आणि घोषणा झाल्या. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून असलेल्या आपल्या दाव्याशी तिचा संबंध जोडला गेला.

या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. हृदयाची झडप बदलायची आहे अशा निपाणीच्या गृहस्थाने सकाळी उठून कुठे जायचे? कोणता कागद न्यायचा? तो कागद कोणी द्यायचा? कोल्हापूर, सांगली, मिरज यांपैकी कोणत्या रुग्णालयात त्या आजाराची सोय या योजनेत आहे? तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस असतो, त्याचे टेबल कोणत्या दाराशी? या प्रश्नांची उत्तरे घरोघरी पोहोचवायला पोलीस परवाना लागत नव्हता की मोर्चा लागत नव्हता. एका पानाचे पत्रक पुरले असते. आपण मात्र अभिनंदनाचे ठराव करीत बसलो.

योजना कोणत्याही सरकारची असो, ती मिळवण्याची वाट दाखवणे हे काम आपल्या चळवळीइतकेच महत्त्वाचे आहे, असे आम्हांला वाटते. कर्नाटकची योजना आपल्या कराच्या पैशातून चालते, ती घेण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्राची योजना आपल्या हक्काच्या भावनेतून आली, ती घेण्यात गुन्हा नाही. रुग्णाला दोन्ही दारे माहीत असली पाहिजेत. ज्या महात्मा फुल्यांचे नाव योजनेला आहे, त्यांच्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगाने गेल्या. त्याच पुण्यात त्याच साथीत सरकारने काय केले, तेही आपण जाणतो. लोकांना विश्वासात न घेता सोल्जर घरात घुसवले. लोक रुग्ण लपवू लागले. रोग एकच होता. एकीकडे माणूस माणसाकडे गेला, दुसरीकडे हुकूम गेला.

चांगली प्रसिद्धी असते, तिचीही उदाहरणे आहेत

मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अवघ्या ११ खाटांवर सुरू केले. आज ते जगातल्या मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक आहे. त्यांच्या खेड्यांतल्या शिबिरांची पद्धत आपण शिकण्यासारखी आहे. गावातली एखादी संस्था, क्लब किंवा मंडळ यजमान होते. जागा, गावोगाव सांगणे, माणसे गोळा करणे ही कामे यजमानाची. तपासणी आणि उपचार रुग्णालयाचे. सुरुवातीला त्यांनाही अनुभव आला की, शस्त्रक्रिया फुकट असूनही सांगितलेले पुष्कळ रुग्ण येत नाहीत. त्यांनी रुग्णांना अडाणी ठरवले नाही, कारणे शोधली. प्रवासाचा खर्च, जेवणाची सोय, सोबतीला कोणी नसणे, भीती, बुडणारी मजुरी. मग रुग्णाला शिबिरातूनच गाडीत बसवून नेणे, राहणे, जेवण, शस्त्रक्रिया आणि परत आणून सोडणे हे सगळे त्यांनी कार्यक्रमात घातले. शेजारी-शेजारी एकत्र जाऊ लागल्याने भीतीही कमी झाली. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून भिंगे स्वतः स्वस्तात बनवायला सुरुवात केली. आमच्या मावशींना ज्या भिंगाने अडवले, त्या भिंगाचा प्रश्न त्यांनी असा मुळातून सोडवला.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' संस्थेमार्फत काम उभे केले. आदिवासी मोठ्या रुग्णालयाला बिचकतात असे दिसल्यावर त्यांनी लोकांनाच विचारले, दवाखाना कसा हवा? लोकांनी सांगितले तसा तो बांधला. झोपड्यांच्या वस्तीसारखी रचना, नातेवाइकांना सोबत राहता येईल अशी सोय आणि नाव त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी. याहून मोठा जनसंपर्क कोणता? आधी विचारले आणि मग बांधले.

तिसरे उदाहरण पोलिओचे. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. अमिताभ बच्चन दूरदर्शनवरून सांगत होते, त्याचा उपयोग झालाच. पण जिथे अफवा होत्या, डोस देऊ नका असे घराघरांत म्हटले जात होते, तिथे नुसत्या जाहिरातीने दार उघडले नाही. त्याच वस्तीतल्या बाया आणि त्याच वस्तीतले धर्मगुरू दारात उभे राहिले तेव्हा ते उघडले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. शेजाऱ्याच्या शब्दाला एवढी किंमत आहे. म्हणूनच तो शब्द कोणाला द्यायचा, याचा विचार हवा.

भाषेचा प्रश्न

माहिती कोणत्या भाषेत, हा आपला नेहमीचा प्रश्न इथेही आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांसाठी ज्या संरक्षक तरतुदी ठरल्या, त्यांत एखाद्या भागात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे आहे. बेळगाव जिल्हा जनगणनेच्या आकड्यांनुसार या अटीत बसतो. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणत्याही नागरिकाला आपल्या तक्रारीचे निवेदन राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. तेव्हा मराठीत पत्रक मागणे ही दंडेली नाही, तो आपला हक्क आहे.

रुग्णालयात या हक्काला आणखी एक धार येते. शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही घेतात. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, रुग्णाला उपचाराची, त्यातील धोक्यांची आणि पर्यायांची पुरेशी माहिती समजेल अशी देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. जी आजी फक्त मराठी वाचते, तिच्यापुढे इंग्रजी किंवा कन्नड कागद ठेवून अंगठा घेणे ही संमती कशी म्हणायची?

मात्र इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपण पत्रक काढू ते मराठीत असावे आणि पाठपोट कन्नडमध्येही असावे. आपल्या गल्लीतला कन्नड भाषक शेजारी त्याच खिडकीपुढे तितकाच गोंधळलेला असतो. मूत्रपिंडाचा आजार भाषा विचारून येत नाही. आपण त्याला कागद दिला तर आपल्या मागणीचे बळ वाढेल, कमी होणार नाही.

मग मंडळांनी काय करावे?

रुग्णालयांना दार बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चांगल्या कामाला हात दिलाच पाहिजे. पण बँक जशी कर्ज देण्यापूर्वी कागद पाहते, तसे मंडळाने नाव देण्यापूर्वी पाहावे. आमच्या सूचना अशा:

१. रुग्णालयाने शिबिरापूर्वी लेखी कळवावे की काय मोफत आहे आणि काय नाही. तपासण्या, औषधे, भिंग किंवा स्टेंटसारखे साहित्य, खाटेचे भाडे, पुढच्या फेऱ्या, सगळे. तो कागद मराठीत आणि कन्नडमध्ये शिबिराच्या दारावर लावावा.

२. कोणत्या सरकारी योजनेत हा उपचार बसतो, कोणाला बसतो, कोणते कार्ड, कोणते शिफारसपत्र आणि कोणती खिडकी, हे त्याच कागदावर असावे.

३. तपासणीचा अहवाल रुग्णाच्या हाती द्यावा, म्हणजे त्याला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येईल. तिथल्या तिथे तारीख घेण्याची सक्ती किंवा घाई नसावी.

४. सभासदांची यादी कोणालाही देऊ नये. सभासदांनी आपला क्रमांक मंडळाला दिला तो वर्गणी आणि हळदीकुंकवाच्या निरोपासाठी. संमतीशिवाय माणसाची माहिती दुसऱ्याला देऊ नये, हाच २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा आहे. निरोप मंडळाने पोहोचवावा. ज्याला यायचे तो येईल.

५. रुग्णालयाकडून जाहिरात किंवा देणगी घेतली तर ती वार्षिक सभेत जमाखर्चात स्वतंत्र ओळीत दाखवावी आणि स्मरणिकेत त्यावर "जाहिरात" असे छापावे. रुग्ण पाठवल्याबद्दल कोणत्याही रूपात काहीही घेऊ नये.

६. तीन महिन्यांनी रुग्णालयाने मंडळाला हिशेब द्यावा. किती तपासले, किती जणांना उपचार सांगितले, किती जणांवर झाले आणि बाकीचे का आले नाहीत. हा हिशेब याच पत्रात छापावा.

यावर काही सभासद म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर रुग्णालय दुसऱ्या मंडळाकडे जाईल आणि आपल्या स्मरणिकेचे पान रिकामे राहील. शंका खोटी नाही. सभागृहाची घरपट्टी, वीजबिल आणि शाळेतल्या मुलांची बक्षिसे यांना पैसा लागतो आणि वर्गणीत ते भागत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच या अटी एका मंडळाने घालून चालणार नाही. शहरातल्या आणि तालुक्यातल्या सर्व मंडळांनी एकत्र बसून एकच मसुदा करावा. सगळ्यांनी सारखीच अट घातली की पळवाट उरत नाही. आणि ज्या रुग्णालयाला काय मोफत नाही हे लिहून द्यायला जड जाते, त्याची जाहिरात गेली तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

दुसरे म्हणणे असे येईल की, आपण डॉक्टर नाही, आपल्याला यातले काय कळते? उपचार बरोबर की चूक, हे ठरवायला आपण जायचेच नाही. आपण फक्त विचारायचे आहे, किती, कोणाला, कुठे, केव्हा. हे प्रश्न भाजी घेताना आपण रोज विचारतो. कर्नाटकातील खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णांच्या हक्कांची सनद घातली गेली आहे. दर उघड करण्याचे बंधन आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, तिच्यात माहितीचा, अहवालाचा, दुसऱ्या मताचा आणि तपशीलवार बिलाचा हक्क आहे. आपण मागतो ते नवे काही नाही. जे कागदावर आहे ते दारावर लावा, एवढेच मागतो.

आणखी एक काम आहे आणि ते रुग्णालयाच्या पत्राची वाट न पाहता करण्यासारखे आहे. प्रत्येक मंडळात निवृत्त परिचारिका, औषध दुकानदार, तलाठी कचेरीत किंवा विमा कंपनीत नोकरी केलेली माणसे आहेत. अशा चार-पाच जणांची आरोग्य माहिती समिती करावी. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन तास मंडळाच्या कचेरीत बसावे. कोणाला कोणती योजना लागू, कोणती कागदपत्रे, कोणते रुग्णालय, हे सांगावे. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नाही, म्हणून किती जण परत फिरतात, हे काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याला चांगले ठाऊक असते. तेवढे एक काम आजारपण येण्यापूर्वी करून दिले तरी पुष्कळ झाले.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या सहा अटींचा ठराव प्रत्येक मंडळात मांडला जावा, अशी आमची विनंती आहे. ठराव मांडणाऱ्याला सूचक आणि अनुमोदक मिळायला अडचण पडू नये. पूर्वजांनी या मुलखात घरे बांधली, शाळा काढल्या, वाचनालये चालवली आणि त्यातून मंडळाच्या नावाला वजन आले. ते वजन आपण कमावलेले नाही, आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे. दुसऱ्याची ठेव तारण ठेवण्यापूर्वी कागद वाचावा, एवढे तरी आपण केलेच पाहिजे.